भाऊंचे प्रश्न

विधिमंडळ सचिवालयाकडून दर विधानसभेच्या सदस्यांचा संक्षिप्त जीवनपरिचय छापला जातो. तो चाळला तर व्यवसायापुढे ‘शेती’ लिहिलेले सदस्य पानोपानी भेटतात. त्यातल्या किती जणांनी खरोखर तिफन धरली, हे त्यांच्या गावच्या लोकांना ठाऊक असते. मी ज्या आमदारांचा स्वीय सहाय्यक होतो, त्या भाऊंच्या नावापुढेही ‘शेती’च छापले होते. 1995 च्या मार्चमध्ये ते निवडून आले आणि त्याच्या आदल्या हंगामापर्यंत ते स्वतः डवरे धरत होते. वऱ्हाडातले बावीस एकर कोरडवाहू वावर, दोन बैलजोड्या, एक सालदार आणि घरचे हात, एवढा त्यांचा पसारा. भाऊ आज हयात नाहीत. घरच्यांना प्रसिद्धीची हौस नाही, म्हणून नाव-गाव लिहीत नाही. पण कास्तकार आमदार झाला म्हणजे काय होते, सभागृहात त्याला काय करता येते आणि कुठे त्याचे हात बांधले जातात, हे मी फार जवळून पाहिले. शेतकऱ्यांच्या पोरांनी निवडणुकीला उभे राहावे, असे आज पुष्कळ जण म्हणतात. त्या पोरांसाठी हे लिहितो आहे.

मी मूळचा गटसचिव. गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या पीककर्जाच्या नोंदी ठेवायच्या, वसुलीच्या याद्या करायच्या, संचालकांच्या सभा लावायच्या, हे माझे काम. भाऊ त्या सोसायटीचे संचालक होते. शिक्षण दहावीपर्यंत, पण आकडा डोक्यात पक्का. बाकीचे संचालक ठरावावर सह्या करून चहाची वाट पाहत, तेव्हा भाऊ ताळेबंद मागून घेत आणि ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचत. मला ते ‘सेक्रेटरी’ म्हणत, आमदार झाल्यावरही तेच म्हणत राहिले. 1992 ला ते पंचायत समितीवर गेले आणि तीन वर्षांनी विधानसभेला अपक्ष उभे राहिले.

त्या निवडणुकीत महाराष्ट्राने 45 अपक्ष निवडून दिले. 288 जणांच्या सभागृहात काँग्रेस 80 वर थांबली, शिवसेनेला 73 आणि भाजपला 65 जागा मिळाल्या. अपक्षांच्या पाठिंब्यावर युतीचे सरकार बनले आणि मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. अपक्षांमध्ये काँग्रेसचे बंडखोर बरेच होते. भाऊंनी आयुष्यात कोणाचे तिकीट मागितले नव्हते, त्यामुळे बंडखोरी करण्याचाही प्रश्न नव्हता. त्यांच्यामागे उभा होता तो कापूस. शिवाय तो काळच जड होता. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसे गेली होती. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. आपले गाऱ्हाणे घेऊन विधानभवनाच्या दारापर्यंत गेलेली माणसे तिथेच मेली, ही गोष्ट विदर्भातल्या खेड्यापाड्यांत कोणी विसरू शकत नव्हते. ‘आपला माणूस आत पाहिजे’ हे वाक्य मी त्या प्रचारात गावोगावी ऐकले.

निवडून आल्यावर भाऊंची पहिली वर्षे ज्यात गेली, ते आधी सांगतो. आमदाराचा वाडा सकाळी सहालाच भरतो. शिक्षकाला बदली हवी असते, कुणाची डीपी जळालेली असते आणि ओलित खोळंबलेले असते, कुणाला नागपूरच्या मेडिकलमध्ये खाट पाहिजे असते, कुणाचा पोरगा पोलीस भरतीत उंचीला कमी पडलेला असतो. प्रत्येकाला चिठ्ठी हवी असते. मी टंकलेखन यंत्रावर पत्रे बडवायचो आणि भाऊ सही करायचे. दुपारी लग्ने, संध्याकाळी दहावे-तेरवीच्या भेटी. यातले एकही काम खोटे नव्हते. डीपी जळाली की पीक जळते, हे भाऊंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण ही सगळी कामे तहसीलदाराची, वीज मंडळाच्या अभियंत्याची, शिक्षणाधिकाऱ्याची होती. ती त्यांनी वेळेवर केली असती तर आमदाराच्या दारात कुणी आलेच नसते. आमदाराला जे काम फक्त आमदारच करू शकतो, त्यासाठी रात्री दहानंतरचा वेळ उरायचा.

ते काम म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी लेखी द्यावा लागतो. त्याचा साचा ठरलेला असतो. भाऊ बाजेवर बसून वऱ्हाडीत सांगायचे आणि मी ते साच्यात बसवायचो. आमच्या तालुक्यात रोजगार हमीवर बांधलेला एक पाझर तलाव होता, त्यावरचा आमचा प्रश्न असा गेला: ‘(1) सदर पाझर तलावातील पाणी जानेवारीपूर्वीच संपून जाते, हे खरे आहे काय, (2) असल्यास, कामाच्या दर्जाबाबत चौकशी करण्यात आली आहे काय, (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ प्रश्नोत्तरांच्या छापील यादीत उत्तर आले: ‘(1) पाझर तलाव असल्याने पाणी जमिनीत मुरणे अपेक्षित आहे. (2) व (3) प्रश्न उद्भवत नाही.’

भाऊंनी ते वाचले आणि यादी माझ्यापुढे टाकली. “सेक्रेटरी, हे उत्तर लिहिणारा माणूस तलावावर गेला असन काय?”

उत्तर कागदावर बिनचूक होते. पाझर तलाव पाणी साठवण्यासाठी नसतोच, ते मुरवून खालच्या विहिरींना द्यावे यासाठी असतो. शहरातला वकील आमदार असता तर इथे गप्प बसला असता. भाऊंनी तलावाखालच्या विहिरींच्या मालकांना बोलावले. दिवाळीआधी आणि संक्रांतीला, असे दोनदा दोराला गाठी मारून पाणी मोजायला लावले. विहिरींची पातळी वाढली नव्हती, उलट उतरली होती. मग एके दिवशी पहार आणि फावडे घेऊन आम्ही पाळीवर गेलो. मातीच्या धरणाच्या पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा भरायचा असतो, तो थराथराने, पाणी मारून, रोलर फिरवून दाबायचा असतो. बाहेरच्या अंगाला मुरूम. भाऊंनी पाळीच्या माथ्यावर कमरेइतका खड्डा स्वतः खणला. वरपासून खालपर्यंत मुरूमच निघाला. तो मुठीत घेऊन दाबला की भुरभुर सांडायचा, गोळा होत नव्हता. मग पाळीच्या पायथ्याशी गेलो. तिथे गवत हिरवेगार होते आणि नाला बारीक धारेने वाहत होता. पाणी जमिनीत मुरलेच नव्हते, पाळीतून पाझरून नाल्याने निघून गेले होते.

मग आले पुढचे अधिवेशन. प्रश्न पुन्हा दिला, नशिबाने यादीत वर लागला आणि पुकारला गेला. तारांकित प्रश्नाचा जीव पुरवणी प्रश्नात असतो, ही गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते. लेखी उत्तर खात्याने लिहिलेले असते. पुरवणी प्रश्नाला मंत्र्याला उभ्या उभ्या उत्तर द्यावे लागते. भाऊंनी दोनच गोष्टी विचारल्या. गाभ्यासाठी लागणारी काळी माती कोणत्या गावच्या कोणत्या गट नंबरातून आणली आणि तिच्या वाहतुकीची नोंद मोजमाप पुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे? आणि मुरलेले पाणी खालच्या विहिरीत दिसायला पाहिजे, ते नाल्यात का दिसते? मंत्र्यांनी मागे अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहिले. चिठ्ठी आली, पण तिच्यात गट नंबर नव्हता. मंत्र्यांनी चौकशीचे आश्वासन दिले.

इथे मला एक यंत्रणा सांगायची आहे, कारण तिचे नाव वर्तमानपत्रात कधी येत नाही. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द हवेत जात नाही. विधिमंडळाची आश्वासन समिती त्याची नोंद करते, ठरावीक मुदतीत काय केले ते खात्याला विचारते आणि टाळाटाळ झाली तर सचिवाला साक्षीला बोलावते. पण समितीपुढे हजारो आश्वासने असतात. ज्या सदस्याने पाठपुरावा केला त्याचे पुढे सरकते. मी दर महिन्याला एक स्मरणपत्र पाठवायचो. चौकशी झाली, एका अधिकाऱ्याच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या आणि उशिराने का होईना, पाळ उकरून गाभा पुन्हा भरला गेला. खालच्या विहिरींना त्यानंतर मार्चपर्यंत पाणी राहू लागले. भाऊंच्या पूर्ण कारकिर्दीतले सगळ्यात मोठे काम कोणते, असे कुणी विचारले तर मी हेच सांगेन. त्यावर कोनशिला नाही.

रोजगार हमीबद्दल भाऊंना विशेष आस्था होती. या योजनेची कल्पना विधिमंडळातलीच. वि. स. पागे हे 1960 पासून अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती होते, स्वतः तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. तिथल्या प्रयोगावरून त्यांनी ही योजना मांडली, 1972 च्या दुष्काळाने ती राज्यभर नेली आणि 1977 च्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क झाला. 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा लागू झाला. भाऊंनी 1972 मध्ये पोरवयात आईबरोबर खडी फोडली होती. सभागृहातल्या एका माणसाने मांडलेली गोष्ट आपल्या आईच्या हाताला काम देऊन गेली, हे त्यांच्या मनात कायमचे बसले होते. कायदा करण्याच्या जागी आपण आहोत, ही जाणीव त्यांना तिथून आली असावी.

बोलण्यात ते सुरुवातीला कच्चे होते. आवाज चढायचा, अध्यक्षांनी घंटी वाजवली की रागावायचे आणि मुद्दा सुटायचा. मग त्यांनी एक पायंडा पाडला. विधानसभा तहकूब असली की विधान परिषदेच्या गॅलरीत जाऊन बसायचे आणि बी. टी. देशमुख सरांना ऐकायचे. सर अमरावती विभागाच्या पदवीधर मतदारसंघातून परिषदेवर होते आणि विदर्भाच्या अनुशेषाचा अभ्यास म्हणजे देशमुख सर, असे सगळेच मानत. दांडेकर समितीने 1984 मध्ये राज्याचा प्रादेशिक अनुशेष 3186 कोटी रुपयांचा काढला होता. त्यात सिंचन होते, रस्ते होते, कृषिपंपांच्या जोडण्याही होत्या. आवाज न चढवता नियम, अहवालाचे पान आणि आकडा एवढ्यावर सर सरकारला कसे धरतात, ते भाऊ मन लावून पाहत. परत आल्यावर मला म्हणत, “सर चिडत नाहीत, म्हणून समोरच्याले पळता येत नाही.” दुसऱ्या वर्षापासून भाऊंच्याही हातात कागद दिसू लागला आणि घंटी वाजली तरी मुद्दा पूर्ण होऊ लागला.

आता कापसाकडे येतो. त्याशिवाय आमच्या भागातल्या कुठल्याही आमदाराची गोष्ट पूर्ण होत नाही.

महाराष्ट्रात 1972-73 च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कास्तकाराने आपला कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा, पुढे ते काम कापूस पणन महासंघाकडे होते. व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. मागचा हेतू चांगला होता. व्यापाऱ्यांच्या लुटीतून सोडवायचे, हमीभाव द्यायचा, गाठी विकून नफा झाला तर बोनस वाटायचा. पण ज्या वर्षी बाहेर भाव चढे, त्या वर्षी आमचा कापूस रात्री-बेरात्री मध्य प्रदेशात, आंध्रात जाई आणि सीमेवरच्या नाक्यावर पकडला की कास्तकारच चोर ठरे. ज्या वर्षी बाहेर भाव पडत, त्या वर्षी उलट बाहेरचा कापूस आमच्या केंद्रावर येऊन महासंघ तोट्यात जाई. दोन्हीकडून खरा उत्पादक मागे राही. शिवाय चुकारा. माल आज दिला तर पैसे कधी मिळतील, ते कुणी सांगू शकत नसे.

नागपूरचे हिवाळी अधिवेशन भरते ते नेमके कापूस वेचणीच्या हंगामात. 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला हे अधिवेशन मिळाले. ज्या दिवसांत सरकार नागपुरात, त्याच दिवसांत पऱ्हाटी फुटलेली आणि केंद्रांवर बंड्यांच्या रांगा. एका डिसेंबरात आमच्या केंद्रावर रांग गावाबाहेर गेली होती. निरोप आला तसे भाऊ सभागृह आटोपून रात्रीच निघाले. आम्ही पोचलो तेव्हा माणसे बंड्यांखाली गोधड्या पांघरून झोपली होती, बैल थंडीने कुडकुडत होते, मधूनमधून पऱ्हाट्यांच्या शेकोट्या पेटलेल्या. एका म्हाताऱ्याने भाऊंना ओळखले. म्हणाला, “भाऊ, चार दिवसांपासून आलो. बैलाईचं कुटार संपलं. आता बैल घरी नेऊ की कापूस?” भाऊ त्याच्या शेजारीच चवाळ्यावर बसले आणि पहाटेपर्यंत तिथेच राहिले.

सकाळी ग्रेडर आला. बंडीत हात खुपसून त्याने मूठभर कापूस काढला, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणला आणि खालची प्रत सांगितली. भाऊंनी त्याच ठिकाणचा कापूस उपसला, तसाच ताणला. “हा पहिल्या वेच्याचा माल आहे. यात तुम्हाले कवडी कुठं दिसली?” ग्रेडरने पुन्हा पाहिले आणि प्रत बदलली. पण भाऊंना त्याचा आनंद झाला नाही. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले, “मी होतो म्हणून बदलली. रांगेत बाकी साऱ्याईजवळ मी कुठं उभा राहू?” तो ग्रेडरही वाईट माणूस नव्हता. दोन केंद्रांचे काम एकट्याकडे होते आणि तो एक दिवसाआड इकडे-तिकडे पळत होता.

त्या दिवशी विधानभवनाच्या पायऱ्यांवर काही सदस्यांनी कापसाच्या माळा घालून घोषणा दिल्या. भाऊ त्यांच्यात गेले नाहीत. लक्षवेधी सूचना दिली होती, ती लागली नाही. तेव्हा त्यांनी औचित्याचा मुद्दा मांडला आणि एवढेच विचारले की जिल्ह्यातल्या केंद्रांसाठी ग्रेडरची किती पदे मंजूर आहेत, त्यातली भरलेली किती, आणि मागच्या हंगामातले किती चुकारे बाकी आहेत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत माळा घातलेल्यांचे फोटो आले. भाऊंच्या मुद्द्याला कुठेही जागा मिळाली नाही. पण आठवड्याच्या आत आमच्या केंद्रावर दुसरा ग्रेडर आला आणि संक्रांतीपूर्वी अडकलेले चुकारे निघाले. सभागृहात विचारलेला साधा, आकड्याचा प्रश्न खात्याला किती लागतो, हे मी त्या आठवड्यात पाहिले.

तरीही एकाधिकाराच्या मूळ दुखण्यावर भाऊंना काही करता आले नाही, हेही लिहिले पाहिजे. या कायद्याला मुदत होती आणि ती वेळोवेळी वाढवावी लागे. मुदतवाढीचे विधेयक आले तेव्हा भाऊंचे मत स्पष्ट होते. खरेदी केंद्रे राहू द्या, हमीभाव राहू द्या, पण विकण्यावरची बंदी उठवा. त्यांनी ते भाषणात सांगितले. मात्र ते सरकारला पाठिंबा देणारे अपक्ष होते. मतदानाच्या वेळी ते विरोधात गेले नाहीत. आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झाले आणि भाऊ आपल्या जागेवर बसून राहिले. त्या रात्री आमदार निवासात ते जेवले नाहीत. पाठिंबा काढून घेतला तर तालुक्यातली मंजूर कामे अडतील, हा त्यांचा हिशेब होता आणि तो हिशेब चुकीचा होता असे मला आजही म्हणवत नाही. पण अपक्ष म्हणून निवडून आलेल्या माणसाचे स्वातंत्र्य किती असते, ते तिथे कळले. पुढे 2002 मध्ये बंदी सैल झाली आणि व्यापाऱ्यांना कापूस घेता येऊ लागला. तोपर्यंत भाऊ सभागृहात नव्हते.

1997 चा हंगाम फार वाईट गेला. बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, मग अवकाळी पावसाने फुटलेली बोंडे भिजली. फवारणीवर फवारणी करून माणसे कर्जात बुडाली. त्या हिवाळ्यात आमच्या तालुक्यात कास्तकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. भाऊ प्रत्येक घरी गेले. पीक कापणीच्या प्रयोगावरून काढलेली पैसेवारी मात्र पन्नास पैशांच्या वर निघाली होती, म्हणजे सरकारच्या लेखी टंचाई नव्हती. त्यांनी हा विषय अर्ध्या तासाच्या चर्चेत मांडला. कापसाचे पीक एका वेच्यात कळत नाही. पहिला वेचा चांगला आला आणि पुढचे दोन गेले तरी पीक गेलेलेच असते. पीक कापणीचा प्रयोग कोणत्या दिवशी, कोणत्या वावरात, कोणासमोर झाला, ते गावाच्या चावडीवर लावा, अशी त्यांची मागणी होती. उत्तर मिळाले, बदल झाला नाही. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, तेव्हा मला 1997 चे ते भाषण आठवले. ते आजही विधानसभेच्या छापील कार्यवाहीत आहे.

या सगळ्या वर्षांत शेती वहिनींनी केली. पेरणीला सरकीची बॅग आणण्यापासून मजूर बाया गोळा करण्यापर्यंत सगळे त्यांच्यावर. दोन जोड्यांतली एक विकावी लागली. आमदाराचे मानधन येई ते दवाखान्यात नेलेल्या माणसांवर, वाड्यावरच्या चहापाण्यावर आणि गाडीच्या डिझेलवर जाई. सोसायटीचे पीककर्ज थकले. थकबाकीदारांच्या यादीत चालू आमदाराचे नाव लागले तेव्हा काही लोकांना ते खरे वाटले नाही. वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या, “सेक्रेटरी, सरकारात सारे शेतकऱ्याचं बोलतात. वावरात कोण जाते ते मले माहीत आहे.” राजकारणात गेलेल्या शेतकऱ्याचे कौतुक करताना घरी राहून वावर सांभाळणाऱ्या बाईचा हिशेब कोणी मांडत नाही. भाऊंची सारी कारकीर्द त्यांच्या कष्टावर उभी होती, असे मी मानतो.

1999 ला विधानसभा मुदतीच्या आधीच बरखास्त झाली आणि लोकसभेबरोबर सप्टेंबरमध्ये निवडणुका झाल्या. पोळ्याचे दिवस होते. भाऊ पुन्हा अपक्ष उभे राहिले आणि पडले. का पडले, ते गावोगावी फिरताना आम्हाला आधीच कळत होते. “भाऊ लग्नाले आले नाहीत.” “पोराच्या बदलीचं पत्र देलं, पण काम झालं नाही.” “भाऊ मुंबईतच राहतात.” पाझर तलावाच्या खालच्या गावातही मते कमी पडली. तिथल्या एका माणसाने तोंडावर सांगितले, “तलावाचं काम खात्यानं केलं, तुम्ही काय केलं?” भाऊ त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. प्रश्न, पुरवणी प्रश्न, आश्वासन समिती ही साखळी मतदाराला दिसतच नाही. त्याला पाळीवर फिरणारा रोलर दिसतो. ती साखळी आम्ही लोकांपर्यंत नेली नाही आणि बाकी कुणालाही ती नेण्याची गरज वाटली नाही.

पडलेल्या माणसाला लोक धीर देतात तसा आम्हीही देत होतो. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांना मतदारांनी पुन्हा पुन्हा विधानसभेत पाठवले, पण 1972 आणि 1995 मध्ये तेही हरले होते आणि दोन्ही वेळा परत आले, असे मी म्हणालो. भाऊ म्हणाले, गणपतरावांमागे शेकापसारखा पक्ष आहे, गावोगावी त्यांचा माणूस आहे, जो निवडणूक नसतानाही काम करतो. आपण एकटे गेलो आणि एकटे परत आलो. मला वाटते, त्यांचा हा निष्कर्ष बरोबर होता. एकटा कास्तकार सभागृहात जाऊन प्रश्न विचारू शकतो. कायदा बदलायचा तर त्याच्यामागे माणसे लागतात, आणि ती निवडणुकीच्या आधीपासून जोडलेली असावी लागतात.

त्यानंतर भाऊ पुन्हा उभे राहिले नाहीत. थकलेले कर्ज चार-पाच हंगामांत फेडले. सोसायटीच्या सभेला येत, ताळेबंद मागून घेत आणि बोट ठेवून वाचत. तालुक्यातला कोणीही तरुण निवडणुकीची भाषा करू लागला की त्याला वाड्यावर बोलावून प्रश्न कसा लिहायचा ते शिकवत. त्यातला एक पोरगा आज जिल्हा परिषदेत आहे आणि चांगले काम करतो.

वाचकांना माझी एक विनंती आहे. विधानसभेची कार्यवाही छापली जाते, आता ती विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही पाहता येते. आपल्या आमदाराने मागच्या अधिवेशनात कोणते प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर तो बोलला, कोणते आश्वासन मिळवले आणि त्याचा पाठपुरावा केला का, हे काढून वाचा. गावात चार जणांनी मिळून वाचा. आणि पुढच्या वेळी उमेदवार दारात येईल, तेव्हा तुमच्याकडच्या लग्नाचा विषय सोडून त्याला हेच विचारा.